तबला माळ्यावर गेला त्याला चौदा महिने झाले

मराठवाड्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा सतरा वर्षांचा, बारावी सायन्सला, नीटची तयारी चालू. पाचवीपासून तबला शिकत होता, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या मध्यमा प्रथमपर्यंतच्या परीक्षा दिल्या, गल्लीतल्या विठ्ठल मंदिरात एकादशीच्या भजनाला साथ करायचा. दहावीचा निकाल लागला तसं वडील म्हणाले, ‘आता दोन वर्षं हे बंद,’ आणि तबला माळ्यावर गेला. गेले तीन-चार महिने मुलगा गप्प गप्प आहे. रात्री दोन-दोनपर्यंत जागा असतो, अर्धं ताट टाकून उठतो, टेस्टचे गुण घसरलेत. ‘जेवताना ताटाशेजारी त्याची बोटं सारखी वाजत असायची, तीसुद्धा थांबली,’ असं आईने लिहिलं आहे. क्लासच्या समुपदेशक बाई म्हणाल्या, त्याला काहीतरी क्रिएटिव्ह करू द्या. आईने तीन हजार रुपयांचे कॅनव्हास आणि ॲक्रिलिक रंग आणले, त्यांचं पाकीटही फुटलेलं नाही. तबल्याचं विचारलं तर मुलगा म्हणतो, ‘आता नको.’ वडिलांचं म्हणणं, परीक्षा नऊ महिन्यांवर आहे, तेवढे दिवस निघू देत. आई विचारते: त्याला बळेच वाजवायला बसवू का? आर्ट थेरपीला नेऊ का? की खरंच परीक्षेपर्यंत थांबू?

ताई,

तबल्याकडे येण्याआधी दुसरं एक काम आहे, आणि ते याच आठवड्यात करा. झोप उडाली आहे, जेवण कमी झालं आहे, जिवापाड आवडणारी गोष्ट नकोशी झाली आहे, आणि हे महिनोन् महिने चाललं आहे. नैराश्याची शंका घ्यायला डॉक्टर साधारण दोन आठवड्यांची मुदत धरतात. पत्रावरून निदान करता येत नाही, पण तपासणी हवी हे पत्रावरून नक्की सांगता येतं. आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ बघून घेतील, कारण यांत बिघाड असला तरी मूल असंच मलूल होतं. त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञ. खासगीत जाणं जमण्यासारखं नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीची चौकशी करा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. मुलगा तयार नसेल तर तुम्ही स्वतः फोन करा, पालकांशीही ते बोलतात.

आणि एक प्रश्न त्याला एकांतात, सरळ शब्दांत विचारा: ‘जगणं नकोसं वाटतं का रे तुला? मरून जावं असं मनात येतं का?’ असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल ही भीती बहुतेक घरांत असते. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं, किंवा उत्तर टाळून तो रडू लागला, तर त्याला एकटं सोडू नका, घरातली गोळ्या-औषधं आणि फवारणीचे डबे कुलपात टाका, आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. अशा वेळी तबला, चित्रकला, कशाचाच विचार करायचा नाही.

आता तबला.

तुमच्या घरातल्या भांडणात एक दुखरी गोष्ट दिसते. वडील म्हणतात बंद, बाई म्हणतात करू द्या, तुम्ही मध्ये सापडलात. पण तिघांनीही कलेला बाहेरची, जादाची वस्तू धरलं आहे. वडिलांच्या लेखी ती खर्च आहे, बाईंच्या लेखी औषध. मुलाच्या लेखी ती काय होती, हे कुणी विचारलेलं दिसत नाही. चौदा महिन्यांपूर्वी त्याच्या हातून नेमकं काय गेलं ते जरा जवळून बघू.

तीनताल सोळा मात्रांचा. ‘धा धा ति ट धा धा तू ना’ हा कायदा, म्हणजे तबल्यावरची एक बांधलेली रचना, वाजवायला बसलं की बोटांनी बोल काढायचे, कानांनी लेहरा, म्हणजे साथीला सारखी फिरणारी धून, ऐकायचा, मनात मात्रा मोजायच्या आणि बरोबर समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं. सगळं लक्ष कामाला लागतं. ‘मागच्या टेस्टमध्ये चारशे वीसच का आले’ हे रवंथ करायला त्या वीस मिनिटांत जागाच उरत नाही. मन दुसरीकडे गेलं की सम चुकते आणि लगेच कळतं. डोक्यात तेच ते विचार फिरत राहणं हे नैराश्याचं मोठं खाद्य आहे, आणि नुसतं ‘विचार करू नकोस’ म्हणून ते थांबत नाही. हातांना आणि कानांना एकदम गुंतवणारं काम मिळालं तर थांबतं.

दुसरं, प्रगती. मिनिटाला साठ मात्रांच्या लयीत जमणारा कायदा दोन आठवड्यांनी ऐंशीत जमतो, आणि ते त्याला स्वतःला ऐकू येतं. टेस्ट सिरीजमध्ये मुलगा आठवडाभर राबतो आणि रविवारी त्याला कळतं ते एवढंच, की आपल्यापुढे किती जण आहेत. ‘मला काही येतंय’ ही जाणीव रँकमधून मिळत नाही. ती मिळण्याची त्याची एक हक्काची जागा होती.

तिसरं, माणसं. गुरुजी होते, पेटी वाजवणारे काका होते, टाळकरी होते. एकादशीला तो गेला नाही तर भजन अडत होतं. सोळा-सतराव्या वर्षी आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, ही भावना फार मोठी असते. आज सकाळी सात ते रात्री सात तो शेकडो मुलांच्या वर्गात बसतो आणि तिथे त्याच्यावाचून कुणाचंच अडत नाही.

म्हणजे छंद सुटला असं म्हणून भागणार नाही. लक्ष विसावण्याची जागा, स्वतःची प्रगती ऐकू येण्याची जागा आणि आपली माणसं, हे सगळं एकाच दिवशी माळ्यावर गेलं. वडिलांचा हेतू चांगलाच होता, वेळ वाचवायचा. त्यांना हिशेबच दाखवा: रोज वीस मिनिटं म्हणजे आठवड्याला दोन तास वीस मिनिटं. आणि तो रात्री दोनपर्यंत पुस्तक उघडून बसतो त्यातली किती पानं उलटतात, तेही मोजा.

आता शास्त्र काय सांगतं ते, न फुगवता. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने २०१९ साली कला आणि आरोग्य या विषयावरच्या तीन हजारांहून जास्त अभ्यासांचा आढावा घेतला. कलेत भाग घेण्याचा मानसिक आरोग्याला उपयोग होतो, याकडे बोट दाखवणारा पुरावा त्यात भरपूर आहे. पण यातले पुष्कळ अभ्यास लहान आहेत आणि थोड्या दिवसांचे आहेत. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात ३९ प्रौढांना ४५ मिनिटं रंग, माती, कागद देऊन हवं ते करू दिलं आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, तपासलं. साधारण तीन चतुर्थांश लोकांचं उतरलं. उरलेल्यांचं तेवढंच राहिलं किंवा चढलं. हा चौथा हिस्सा लक्षात ठेवा. एखाद्या दिवशी तुमचा मुलगा वाजवून उठला आणि जास्तच चिडलेला दिसला, तर उपाय फसला असं समजू नका.

त्याच्या ‘आता नको’कडे येते. यामागे चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात आणि प्रत्येकीवरचं उत्तर वेगळं आहे. आवडीच्या गोष्टीतलं सुख वाटेनासं होणं हे नैराश्याचंच लक्षण असेल. ताटाशेजारची बोटं थांबली, त्यावरून मला हीच शंका जास्त येते. किंवा ‘अभ्यास सोडून वाजवत बसलो’ ही अपराधी भावना असेल. किंवा भीती: चौदा महिन्यांनी हात बसणार नाही हे त्याला ठाऊक आहे. वाजवणं सुटलं तरी कान सुटत नाही, कान अजून मध्यमाचा आहे आणि बोटं प्रवेशिकेवर, त्याआधीच्या परीक्षेच्या पातळीवर, घसरलीत. स्वतःचंच वाजवणं त्याला सहन होणार नाही. चौथी शक्यता म्हणजे त्याचं तबल्याशी खरंच संपलं असेल. तसं असेल तर तेही मान्य करायचं. कोणती गोष्ट आहे ते ओळखायला चौकशी समितीसारखं बसवून विचारू नका. भांडी आवरताना, गाडीवर मागे बसलेला असताना, डोळ्याला डोळा नसताना विचारा: ‘तबला आठवतो का रे कधी?’ आणि मग गप्प राहा. उत्तर दोन दिवसांनी आलं तरी चालेल.

बळेच बसवू नका. पण ‘त्याचं मन होईल तेव्हा करेल’ म्हणूनही सोडू नका, कारण मन खचलेलं असताना ‘मन होणं’ हेच बंद पडलेलं असतं. नैराश्याच्या उपचारात एक साधी पद्धत वापरतात: मन लागण्याची वाट न बघता कृती आधी, अगदी छोटी, ठरलेल्या वेळी. मन मागून येतं, कधी दोन-तीन आठवड्यांनी. तुमच्या घरात ती अशी बसवता येईल.

पहिलं पाऊल वडिलांनी टाकायचं, कारण बंदी त्यांची होती. आईने चोरून परवानगी दिली तर मुलगा वाजवतानाही दाराकडे कान देऊन बसेल. वडिलांनी स्वतः एवढंच म्हणावं, ‘मी बंद करायला लावलं ते चुकलं. परत सुरू केलंस तर मला बरं वाटेल, नाही केलंस तरी मी विचारणार नाही.’ पुढे ‘पण अभ्यास...’ जोडायचं नाही. तो ‘पण’ आला की आधीचं सगळं पुसलं जातं.

मग तबला खाली काढा. दोन पावसाळे माळ्यावर काढलेत, पुडी, म्हणजे वरचं कातडं, ओल धरून उतरली असणार, कदाचित मधल्या काळ्या शाईला भेगाही गेल्या असतील. तो तसाच त्याच्यासमोर ठेवलात तर पहिल्याच थापेला भदभद आवाज येईल आणि तो गवसणी परत चढवेल. आधी तबलेवाल्याकडे नेऊन बघा. पुडी चांगली असेल तर वादी, म्हणजे बाजूचे चामडी पट्टे, ताणून, त्याखालचे लाकडी गठ्ठे सारखे करून होईल, नाहीतर नवी पुडी चढवून घ्या. त्या तीन हजारांतले थोडे इथे लागले असते तर बरं झालं असतं. जमलं तर त्यालाच बरोबर न्या, ‘स्वर बरोबर लागला का ते मला कळत नाही, तू ऐक’ म्हणून. वाजवायला नाही, फक्त ऐकायला. पुढे घरी स्वर किंचित हलला तर हातोडी गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या वेणीवरच, हलकी चालवायची, गठ्ठ्यांना हात लावायचा नाही, हे त्याला तुमच्याहून चांगलं ठाऊक असेल. ते काम त्याचंच राहू द्या.

वेळ दहा मिनिटं. वीसही नाही. क्लासहून आल्यावर हातपाय धुऊन चहा घेतला की लगेच. रात्री अकराला नको, झोप आधीच बिघडली आहे. लय साठच्या खाली, नवं काही नाही, प्रवेशिकेतला हाताखालचा कायदा. लेहरा मोबाईलवर लावायचा असेल तर फोन एअरप्लेन मोडवर, नाहीतर क्लासच्या ग्रुपवरचा मेसेज त्या दहा मिनिटांत शिरणारच. शेजाऱ्यांचा त्रास असेल तर पुडीवर पातळ रुमाल. आणि वाद्याला हात लावावासाच वाटला नाही त्या दिवशी पढंत: हातावर टाळी-खाली देत बोल म्हणायचे. चालत क्लासला जातानाही होते. पढंतीत बोटं चुकत नाहीत, म्हणून पुन्हा सुरुवात करणाऱ्याला तिचा मोठा आधार असतो.

गुरुजींना आधी तुम्ही फोन करा. परिस्थिती थोडक्यात सांगा आणि दोन गोष्टी मागा: ‘इतके दिवस कुठे होतास’ हा प्रश्न नको, आणि पुढच्या परीक्षेचा, मध्यमा पूर्णचा, फॉर्म आत्ता नको. आठवड्याला एकदा अर्धा तास पुरे.

मंदिरातल्या भजनावर माझा जास्त भरवसा आहे, खरं सांगायचं तर एकट्याच्या रियाजापेक्षाही. आठ मात्रांचा केरवा धरला की निभतं, टाळांच्या गजरात एखादी चूक कुणाला ऐकूही येत नाही, आणि वाजवायचं नसेल तर टाळ घेऊन नुसतं मागे उभं राहता येतं. इंग्लंडमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रौढांचे गायनाचे, हस्तकलेचे आणि लेखनाचे वर्ग सात महिने चालवले. शेवटी तिन्ही वर्गांतले लोक एकमेकांच्या सारखेच जवळ आले होते, पण गाणाऱ्यांची मैत्री सगळ्यांत लवकर जमली. एका तालात, एका श्वासात काही करणं अनोळखी माणसांनाही पटकन बांधून घेतं. तुमच्या मुलाची तर ती ओळखीचीच माणसं आहेत. येत्या एकादशीला पेटीवाल्या काकांनाच घरी येऊन ‘चल रे, आज ठेका धरायला कुणी नाही’ म्हणू द्या.

बिघडतं ते बहुतेक तिसऱ्या आठवड्यात. नव्याचा भर ओसरतो, बोटांची टोकं दुखतात, मोठी टेस्ट येते आणि ‘हा आठवडा राहू दे’ म्हणून खंड पडतो. टेस्टच्या आठवड्यात दहाची पाच मिनिटं करा, शून्य करू नका. दुसरा बिघाड आपण करतो. दाराआड उभं राहून ऐकणं, झाल्यावर ‘बरं वाटलं ना?’ विचारणं, मावशी आली की ‘वाजवून दाखव’ म्हणणं, व्हिडिओ काढून स्टेटसला टाकणं. सगळं प्रेमापोटीच होतं. पण यातल्या प्रत्येक गोष्टीने ती जागा पुन्हा परीक्षेची होते. बक्षिसाचंही तसंच. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी १९७३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्केचपेनने चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या काही मुलांना ‘काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल’ असं आधी सांगितलं. पुढे मोकळ्या वेळात ती मुलं चित्रं काढायला बसली, ती बक्षिसाची लालूच न दाखवलेल्या मुलांच्या जेमतेम निम्मा वेळ. म्हणून ‘रोज वाजवलंस तर फोन घेऊन देईन’ असलं काही कबूल करू नका.

आर्ट थेरपीचं विचारलंत. तो उपचाराचा प्रकार आहे, चित्रकलेचा वर्ग नाही, आणि दोन्हींची गल्लत करून फी आकारणारे असतात. जाण्याआधी विचारा: शिक्षण कुठे आणि किती वर्षांचं, उपचाराचं काम कुणाच्या देखरेखीखाली केलं, आमच्या मानसोपचारतज्ज्ञांशी बोलाल का, आणि कोणत्या वेळी तुम्ही रुग्ण पुढे पाठवता? शेवटच्या प्रश्नाला ‘गरजच पडत नाही’ असं उत्तर आलं तर उठून या. तुमच्या मुलाला आत्ता पहिली गरज डॉक्टरांची आणि मग त्याच्या जुन्या माणसांची आहे. डॉक्टरांनी सुचवलं तर आर्ट थेरपी जरूर करा. गोळ्या सुरू झाल्या तर तबला चालू आहे म्हणून त्या मनाने बंद करू नका.

ज्यांच्या घरात तबला नव्हता, गुरुजी नव्हते, अशा वाचकांसाठीही थोडं. मुलाला किंवा मुलीला लिहावंसं वाटत असेल तर मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८०च्या दशकात वापरलेली रीत सोपी आहे: सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला सलणाऱ्या एकाच गोष्टीबद्दल, शुद्धलेखनाची फिकीर न करता. लिहून झाल्या झाल्या मन थोडं जड होतं, ते तासा-दोन तासांत उतरायला हवं. उतरत नसेल, रोज वाढतच असेल, तर थांबवा आणि कुणाशी तरी बोला. वही त्यांची, ती उघडायची नाही. चित्र काढायचं असेल तर वीस रुपयांची कोरी वही आणि टूबी, सिक्सबी अशा दोन पेन्सिली पुरतात. आणि ‘मनातलं दुःख कागदावर काढ’ असं सांगू नका. सहा ते बारा वर्षांच्या मुलांवरच्या एका अमेरिकी अभ्यासात, नाराज झालेल्या मुलांपैकी ज्यांना दुसरंच काही, साधं घर, काढायला सांगितलं, त्यांचं मन नाराजीचाच प्रसंग काढणाऱ्यांपेक्षा जास्त सावरलं. समोरचा तांब्या, खिडकीतली कुंडी, स्वतःची चप्पल काढणं हेही पुष्कळ आहे. कॉलेजात एकांकिकेचा ग्रुप असेल तर बुजऱ्या मुलांना पाठवा, पण अभिनयाला नको. प्रकाशयोजना, नेपथ्य, संगीत ऑपरेट करणं यांत माणूस लागतोच, आणि तालमीनंतरचा चहा सगळ्यांना सारखाच मिळतो. ढोल-ताशा पथकात जाणार असतील तर कानात चांगले इअरप्लग घालायला लावा, कापसाचे बोळे पुरत नाहीत.

राहिले ते कॅनव्हास. त्याने चित्रकला मागितली नव्हती, आणि तीन हजारांचा पांढराशुभ्र कॅनव्हास बघून सराईत माणसाचाही हात बिचकतो, बिघडवायची भीती वाटते. त्याच्या खोलीत ते पाकीट रोज त्याच्याकडे बघत असेल तर ‘आईने एवढं आणलं आणि माझ्याच्याने तेही होत नाही’ एवढंच त्याला त्यातून ऐकू येत असेल. सील तसंच आहे आणि बिल असेल तर दुकानदाराला बदलून देता का ते विचारा. नाही घेतले तर नात्यातल्या एखाद्या चित्र काढणाऱ्या लेकराला देऊन टाका. त्याला विचारत बसू नका, त्यावर काही बोलूही नका. टेबलाशेजारची ती जागा मोकळी झाली की तबला ठेवायच्या दोन रिंगा तिथे बसतील.